कार्डावरून पैसे गेले तर बँक नेमका काय तपास करते? खान्देशातल्या नव्या कार्डधारकांसाठी

पैसे कटल्याचा मेसेज आला की आपल्याकडे माणूस आधी घरात विचारतो, मग शेजारच्या पोराला मोबाईल दाखवतो, मग ओळखीच्या बँकवाल्याला फोन लावतो. दुसऱ्या दिवशी शाखा उघडली की काउंटरवर येऊन "साहेब, मन्हा पैसा गयात" असं सांगतो. तोवर ती रक्कम दोन-तीन खात्यांतून फिरून भलत्याच राज्यातल्या एटीएममधून निघालेलीही असते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हाच क्रम मी पाहत आलो आहे. म्हणून ज्यांच्या हाती नुकतंच कार्ड आलं आहे, किंवा ज्यांच्यावर हा प्रसंग पहिल्यांदाच आला आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. चोर पकडणं हे पोलिसांचं काम. बँक फक्त दोन गोष्टी ठरवते: व्यवहार कोणाच्या मंजुरीने झाला, आणि नुकसान कोणी सोसायचं. हे ती ठरवते कॉम्प्युटरमधल्या नोंदींवरून. तुमची हकिकत कितीही खरी असली तरी ती त्या नोंदींशी जुळली पाहिजे. त्या नोंदी काय असतात हे माहीत असेल, तर काय सांगायचं आणि काय जपून ठेवायचं हे तुम्हाला आपोआप कळेल.

आधी कार्ड बंद करा

कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा, नाहीतर बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करा. गुगलवर "कस्टमर केअर" शोधून सापडलेला नंबर लावू नका. तिथे चोरांनीच पेरलेले नंबर असतात, आणि एकदा लुटलेला माणूस त्याच रात्री दुसऱ्यांदा लुटला जातो. कार्ड बंद झालं की तक्रार क्रमांक मागा आणि तो वेळेसह कागदावर लिहा. तो क्षण फार मोलाचा आहे, कारण तुम्ही कळवल्यानंतर होणारं प्रत्येक नुकसान बँकेचं असतं, मग आधीची चूक कोणाचीही असो.

लगेच १९३० लावा. केंद्रीय गृह मंत्रालयाची ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. इथे नोंद झाली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं, आणि रक्कम अजून त्या खात्यात पडून असेल तर तिथेच गोठवली जाते. इथे मिनिटांचा हिशेब असतो. फोन लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरा. धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात रेंज नसेल तर रेंजच्या गावातल्या नातेवाइकाला सगळा तपशील सांगून त्याच्याकडून नोंद करून घ्या, पण सकाळची वाट पाहू नका.

व्हॉट्सॲपवर आलेली एखादी फाइल उघडल्यानंतर पैसे गेले असतील (गाडीचं चलान, पीएम किसानची यादी, लग्नपत्रिका अशी नावं त्यांना दिलेली असतात), तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, सिम काढा आणि पुढचे सगळे फोन दुसऱ्या मोबाईलवरून करा. ती फाइल तुमचे मेसेज परस्पर चोराकडे पाठवत असते. मोबाईल दुकानात नेऊन "फॉरमॅट मारून द्या" असं मात्र लगेच सांगू नका. तो फोन हाच तुमचा पुरावा आहे. ती फाइल, आलेला मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, सगळ्याचे फोटो दुसऱ्या मोबाईलने काढून ठेवा.

लेखी अर्ज

दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शाखेतले लोक "ऑनलाइन केलंय ना, मग झालं" म्हणतील. तरी द्या. मजकूर साधा ठेवा:

"माझ्या बचत खात्याच्या डेबिट कार्डावरून (शेवटचे ४ अंक …) दि. … रोजी रात्री ११.४२ वाजता १८,५०० रुपयांचा व्यवहार झाल्याचा मेसेज मला ११.४३ ला आला. हा व्यवहार मी केलेला नाही व कोणाला करायला सांगितलेला नाही. त्या वेळी मी यावल येथे घरी होतो, कार्ड माझ्याजवळ होते. ११.५५ ला हेल्पलाइनवर कार्ड बंद केले, तक्रार क्र. … . १२.०५ ला १९३० वर नोंद केली, क्र. … . रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार रक्कम परत जमा करावी. व्यवहाराचा संपूर्ण लॉग (कॉम्प्युटरमधली नोंद) तपासावा, आणि व्यवहार एटीएमवरचा असल्यास सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याबाबत संबंधित बँकेला तातडीने कळवावे."

खातं सहकारी बँकेत असेल तर परिपत्रकाची तारीख १४ डिसेंबर २०१७ लिहा. सहकारी बँकांसाठी तोच नियम त्या दिवशी वेगळा काढला गेला. आपल्या भागात नागरी सहकारी आणि जिल्हा बँकेची खाती घरोघरी आहेत, त्यामुळे ही तारीख लक्षात असू द्या.

सीसीटीव्हीची ओळ गाळू नका. चित्रण कायम ठेवलं जात नाही, ठरावीक काळाने पुसलं जातं. शिवाय एटीएम दुसऱ्या बँकेचं असेल तर तुमच्या बँकेला ते मागवावं लागतं, आणि लेखी मागणी नसेल तर हे काम मागे पडतं.

अर्जात अंदाज लिहू नका. "बँकेतल्याच कोणीतरी केलं असणार" अशा वाक्याने तपास भलतीकडे जातो. जे पाहिलं आणि जे केलं तेवढंच, वेळेसह लिहा.

दिवस कसे मोजतात

बँकेची चूक किंवा हलगर्जी असेल तर तुम्ही कधी कळवलं याला महत्त्व नाही, नुकसान बँकेचंच. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधेच कुठेतरी कार्डाची माहिती गळाली, अशा वेळी दिवसांचा प्रश्न येतो. मेसेज आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवलं तर तुमच्यावर एका रुपयाचाही बोजा नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर तुमचा वाटा मर्यादित राहतो: साध्या शून्य शिलकीच्या खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये, नेहमीच्या बचत खात्याला आणि ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला १०,०००, त्यावरच्या क्रेडिट कार्डाला २५,०००. व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल तर तेवढीच. ७ दिवस उलटले की बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. ते धोरण बँकेला जाहीर करावं लागतं, शाखेत मागून घ्या. तिथे नियमात नवा बदल झाला असेल तर तोही कळेल.

मोजताना मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. रविवार, दुसरा-चौथा शनिवार आणि बँकेच्या सुट्ट्या वगळतात, आणि तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिचे कामाचे दिवस धरतात. दिवाळीत मेसेज आला आणि पाच-सहा दिवसांनी कळवलं तरी तुम्ही तीन दिवसांच्या आत असू शकता. "उशीर झाला" असं कोणी म्हटलं तर कॅलेंडर समोर ठेवून मोजा.

ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः कोणाला दिला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणूनच बँकेचा बराचसा तपास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

बँकेच्या आत काय घडतं

शाखा तुमचा अर्ज मुख्य कार्यालयातल्या कार्ड विभागाकडे पाठवते. खरा तपास तिथे होतो, शाखेतल्या साहेबांवर राग काढून काही मिळत नाही.

कार्ड विभाग आधी तो व्यवहार उघडतो. प्रत्येक व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. त्यावरून कळतं की कार्ड चिपने वाचलं गेलं, काळ्या पट्टीने वाचलं गेलं, नुसतं टेकवलं, की कार्ड हजर नसताना नंबर टाकून व्यवहार झाला. पिन टाकला का, तो बरोबर होता का, मशीन कोणतं, दुकान कोणत्या प्रकारचं, हेही तिथेच असतं. या एका ओळीवर तपासाची दिशा ठरते.

काळी पट्टी नक्कल करता येते. एटीएमच्या खाचेवर बारीक यंत्र बसवून पट्टी वाचायची आणि वर लपवलेल्या कॅमेऱ्याने पिन टिपायचा, हा जुना धंदा. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, म्हणून तिची नक्कल जवळजवळ अशक्य. याच कारणाने रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरपर्यंत सगळी कार्डं चिपची करायला लावली. व्यवहार पट्टीवर झाला असेल आणि कार्ड तुमच्याजवळ असेल, तर तुमची बाजू खूप भक्कम. चिप आणि बरोबर पिन असेल, तर बँक म्हणणार की मूळ कार्डच वापरलं गेलं.

इथेच आपल्या भागातला सर्वात जास्त घडणारा प्रकार येतो: कार्डाची अदलाबदल. भुसावळ, चाळीसगाव, दोंडाईचा, शहादा अशा बाजाराच्या गावी, पगार किंवा पेन्शनच्या आसपास, एटीएमच्या खोलीत एखादा पोरगा उभा असतो. "बाबा, मशीन अटकेल शे, मी दखस" म्हणत तो मागून पिन पाहतो, कार्ड काढून देतो, पण देतो ते त्याच बँकेचं, त्याच रंगाचं दुसरंच कार्ड. बाबा नाव न पाहता ते पाकिटात टाकतात. नंतर लॉगमध्ये दिसतं ते असं: आधी बॅलन्स पाहिला, मग दहा-दहा हजार दिवसाची मर्यादा संपेपर्यंत, आणि शेवटी एखाद्या मोबाईलच्या किंवा सराफाच्या दुकानात स्वाइप. सगळीकडे चिप, सगळीकडे पिन बरोबर.

बँकेचं पहिलं उत्तर येतं: "पिन बरोबर होता, सबब व्यवहार ग्राहकानेच केला." या उत्तरावर थांबू नका. तुमच्या पाकिटात पडलेलं ते दुसरं कार्ड रागाने मोडू किंवा फेकू नका. त्यावरचा नंबर तुमच्या आधी लुटल्या गेलेल्या माणसाचा असतो, आणि त्यावरूनच दोन तक्रारी एकमेकींना जोडल्या जातात. त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कार्ड पोलिसांकडे जमा करून पोच घ्या, आणि बँकेला लेखी सांगा की जिथे अदलाबदल झाली त्या पहिल्या एटीएमचंही चित्रण मागवा. बँक सहसा पैसे निघाले त्या एटीएमचंच चित्रण पाहते. तिथे तोंड झाकलेला अनोळखी माणूस दिसतो. पहिल्या ठिकाणी मात्र तुम्ही, तो पोरगा आणि त्याचे हात, तिन्ही दिसतात.

एटीएममधून पैसेच आले नाहीत पण खात्यातून कटले, हा प्रकार वेगळा. त्याला फसवणूक म्हणून तक्रार देऊ नका. बँक मशीनची नोंद आणि त्यातली शिल्लक रोकड जुळवून पाहते. व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे परत आले पाहिजेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. धडगावकडे अंगठा लावून मिनी बँकेतून निघालेले पैसेही कार्डाचे नसतात, आधारचे असतात. तक्रारीत तसं स्पष्ट लिहा, नाहीतर अर्ज चुकीच्या टेबलावर महिनाभर पडून राहतो.

ऑनलाइन व्यवहारात तपास ओटीपीकडे वळतो. ओटीपी कोणत्या नंबरवर गेला, किती वाजता पोचला, किती सेकंदांत टाकला गेला, व्यवहार कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) आणि कोणत्या मोबाईलवरून झाला, अलीकडे खात्याचा मोबाईल नंबर बदलला होता का, हे पाहिलं जातं. रावेरला बसलेल्या माणसाच्या कार्डाचा व्यवहार दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी मोबाईलवरून झाला, ही नोंद तुमच्या बाजूने बोलते. वस्तू मागवली असेल तर ती कुठे पोचवली, वॉलेट भरलं असेल तर ते कोणाचं, हे दुकानदाराच्या बँकेकडून मागवतात. परदेशी वेबसाइटवर बऱ्याचदा ओटीपी विचारलाच जात नाही. असा व्यवहार उलटवणं त्या मानाने सोपं असतं.

फाइलमुळे ओटीपी परस्पर चोरीला गेला असेल तर लॉगमध्ये एवढंच दिसतं की ओटीपी तुमच्याच नंबरवर आला आणि बरोबर टाकला गेला. बँक त्याला ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणते. पण अर्जात उल्लेख केलेल्या रिझर्व्ह बँकेच्या त्याच परिपत्रकात लिहिलं आहे की चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. आसाममधल्या एका ग्राहकाने भामट्याच्या सांगण्यावरून ॲप घेतलं आणि त्याचे ९४ हजारांवर रुपये गेले. त्याने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही म्हणून बँकेला पैसे द्यायला सांगितलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. प्रत्येक प्रकरण असंच लागेल असं नाही, पण "ओटीपी टाकला म्हणजे विषय संपला" हे खरं नाही, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

आणखी एक काम आत चालतं, जे ग्राहकाला दिसत नाही. एकाच आठवड्यात बऱ्याच कार्डांवर तक्रारी आल्या की बँक त्या सगळ्या कार्डांचा मागचा इतिहास मांडते आणि सर्वांत सामाईक ठिकाण शोधते. सगळ्यांनी महामार्गावरच्या एकाच पंपावर किंवा एकाच एटीएममध्ये कार्ड वापरलेलं निघालं, की गळती तिथली. म्हणून "गेल्या दोन-तीन महिन्यांत कार्ड कुठे कुठे वापरलं?" असं विचारलं तर वैतागू नका, पासबुक घेऊन बसा आणि आठवून सांगा.

तुम्हाला फोन येईल तेव्हा

तपास करणारा माणूस विचारतो: त्या वेळी कार्ड कुठे होतं? पिन आणखी कोणाला माहीत आहे? कोणी फोन केला होता का, लिंक किंवा ॲप आलं होतं का? घरात कार्ड कोण वापरतं? सरळ खरं सांगा. लाजेपोटी "मला कोणाचाच फोन आला नाही" म्हटलं आणि लॉगमध्ये दुसरंच निघालं, की तुमच्या पुढच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही. शेतकऱ्यांच्या किसान क्रेडिट कार्डाचा पिन मुलाला, पुतण्याला, कधी कृषी केंद्रवाल्यालाही माहीत असतो. हेही सांगावं लागतं. आणि अर्ज देण्याआधी घरातल्या पोरांना प्रेमाने विचारून घ्या. गेममध्ये गेलेले पैसे ही चोरी धरली जात नाही.

मात्र तपासाच्या नावाखाली पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन अंक मागणारा माणूस बँकेचा नाही. तपासाला यांपैकी काहीही लागत नाही. तक्रारीनंतरच्या आठवड्यात असे बनावट फोन येतात.

पैसे कधी आणि कसे परत येतात

नुकसान तुमच्यावर नाही किंवा मर्यादित आहे, अशा प्रकरणात कळवल्यापासून कामाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी. तिला शॅडो क्रेडिट म्हणतात. पासबुकात आकडा दिसतो, पण तपास संपेपर्यंत बहुतेक बँका ते पैसे काढू देत नाहीत. पेरणीच्या तोंडावर हे जड जातं, तरी त्या आकड्यावर कोणाला चेक देऊ नका. संपूर्ण निकालाला ९० दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात ग्राहकाची चूक ठरवता आली नाही तर बँकेला नियमाप्रमाणे भरपाई द्यावीच लागते.

दरम्यान तुमची बँक दुकानदाराच्या बँकेकडे चार्जबॅक टाकते, म्हणजे रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नियमांनुसार पैसे परत मागते. समोरचा पुरावा पाठवतो, तुमची बँक तो मान्य करते किंवा खोडते. याला वेळ लागतो. तुमचं काम एवढंच की मागितलेला कागद त्याच दिवशी द्यायचा. चार्जबॅकच्या मुदती ठरलेल्या असतात आणि एकदा हुकल्या की परत मिळत नाहीत.

क्रेडिट कार्ड असेल तर वादातली रक्कम सोडून बाकीचं बिल वेळेवर भरा. फसवणूक म्हणून वादात टाकलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत आकार लावता येत नाही. तरी पुढच्या बिलात व्याज दिसलं तर लगेच लेखी हरकत घ्या.

बँकेने नाकारलं तर

उत्तर लेखी मागा आणि कारण विचारा: चिप की पट्टी, ओटीपी कोणत्या नंबरवर, चित्रण पाहिलं का, कोणत्या एटीएमचं. "तांत्रिकदृष्ट्या व्यवहार यशस्वी" एवढ्यावर मान डोलावू नका, व्यवहार यशस्वी झाला म्हणून तर तुम्ही तक्रार केली आहे. बँकेच्याच वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अपील करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट गेलात तर अर्ज परत येतो, म्हणून ती शिक्क्याची प्रत जपून ठेवा.

पोलिसांची बाजू वेगळी चालू राहते. १९३० ची नोंद झाली तरी जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवा आणि एफआयआरची प्रत घ्या, ती मोफत मिळते. चोराच्या खात्यात काही रक्कम गोठवली गेली असेल तर ती तुमच्याकडे येण्यासाठी सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यासाठीचा अर्ज तपास अधिकाऱ्याला विचारून करा, लोकअदालतीतही अशी प्रकरणं निकाली निघतात. गोठवलेली रक्कम नेमकी किती आणि कोणत्या बँकेत, हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि त्याची एक प्रत तुमच्या शाखेतही द्या. नाहीतर बँक पोलिसांकडे बोट दाखवते आणि पोलीस बँकेकडे.

नवीन कार्ड आलं की ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद आहेत का ते पाहा. ऑनलाइन आणि टेकवून पैसे देण्याची सोय लागत नसेल तर तीही बंद ठेवा. टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात. एटीएमची रोजची मर्यादा गरजेपुरती खाली आणा. कापूस किंवा केळीचं पेमेंट ज्या खात्यात येतं त्या खात्याला शक्यतो कार्डच ठेवू नका, आणि रोजच्या खर्चाचं खातं वेगळं काढा.